दारातले वीस सेकंद

सुवर्णाआत्याच्या नोकरीचा निकाल लागायला नऊ दिवस उरले होते, तेव्हा तिने तिचा फोन माझ्या हातात दिला आणि मला वाटलं, हे तर मी दोन दिवसांत सोडवीन. विज्ञान प्रदर्शनात मी नुकतीच जिल्ह्यात दुसरी आले होते. दहावीतली मुलगी जिल्ह्यात दुसरी आली की तिला जगातलं बरंच काही दोन दिवसांचं वाटायला लागतं.

आत्या म्हणजे माझ्या पप्पांची धाकटी बहीण. साताऱ्यात यवतेश्वरच्या बाजूला आमची आळी चढत जाते, तिथे 'टकटक'ची पार्सलं तीच पोचवते. वय एक्कावन्न, अंगात हिरवा कोट, बुडाखाली विजेची स्कूटर, आणि स्कूटर जिथे हात टेकते तिथून पुढे स्वतःचे पाय. लोक फोनवर बोट फिरवून काहीबाही मागवतात आणि दोन तासांत आत्या बेल वाजवते. एवढं सगळं वेळेत करूनही तिचा समाधानांक सहासष्ट होता. तीस तारखेला तो सत्तरच्या खाली राहिला तर आळी तिच्याकडून काढून पेटीला देणार होते.

पेटी म्हणजे फ्रिजएवढं, सहा चाकांचं, आपलं आपण चालणारं कपाट. ते चढाच्या पायथ्याशी, नाक्यावर येऊन उभं राहतं आणि तुम्हाला फोन करतं. खाली या, घेऊन जा. शाहूपुरीत आलं होतं ते. आत्या म्हणाली की त्याला बघितलं की तिला चापट मारावीशी वाटते, पण त्यात कॅमेरा आहे.

समाधानांक म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

पूर्वी चांदण्या असायच्या. पार्सल मिळालं की पाचांपैकी किती चांदण्या ते आपण ठरवायचो. पण लोक खोटं वागायचे. पार्सल फुटलेलं आलं तरी बिचाऱ्याची नोकरी जाईल म्हणून पाच द्यायचे, नाहीतर बायकोशी भांडण झालंय म्हणून एक द्यायचे. कंपन्यांना त्यातून काही कळेना. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की माणसाला विचारायचंच कशाला, त्याच्या शरीरालाच विचारू.

आता पार्सल घेताना गिऱ्हाईक आपल्या फोनच्या मागच्या कॅमेऱ्यावर अंगठा ठेवतं. वीस सेकंद. शेजारचा दिवा लागतो, त्याचा उजेड कातडीतून आत जातो. हृदयाचा ठोका पडला की बोटात रक्त भरतं आणि उजेड कमी परत येतो, रक्त ओसरलं की जास्त. त्यावरून फोनला प्रत्येक ठोका दिसतो. निवांत माणसाचे ठोके घड्याळासारखे एकसारखे पडत नाहीत, श्वासाबरोबर थोडे पुढेमागे होतात. मन आखडलं की ते पुढेमागे होणं कमी होतं, बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्याही आवळतात. त्याच वेळी पुढचा कॅमेरा चेहरा बघत असतो, आणि हाताला बारीकसा कंप आहे का तेही मोजलं जातं. लाखो लोकांवर शिकवलेलं यंत्र या सगळ्याची बेरीज करून शंभरपैकी एक आकडा सांगतं. अंगठा ज्याच्या नावावर खातं त्याचाच लागतो. त्यात खोटं बोलता येत नाही. मला तर ते भारीच वाटलं होतं. प्रदर्शनात मी जवळजवळ तेच केलं होतं, फक्त माझं यंत्र पुठ्ठ्याचं होतं.

त्या रविवारी मी आत्याच्या मागे स्कूटरवर बसून सगळी आळी फिरले आणि वहीत लिहीत गेले. पहिल्या वळणावर एक गृहस्थ दिवसभर शेअरबाजार बघत बसतात. त्यांनी दार उघडलं, कानातलं काढलं नाही, आत्याकडे बघितलं नाही, अंगठा ठेवला, दार लावलं. एक्क्याण्णव.

मग देवधर बाई. निवृत्त मुख्याध्यापिका, वय अठ्ठ्याहत्तर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथा मजला. दार उघडताच त्यांनी आत्याला खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, अगं मी सावकाश खाली आले असते, तू कशाला एवढे जिने चढलीस म्हणाल्या, पंखा वाढवला. मी मनात म्हटलं, इथे शंभर. आला अडतीस.

आत्या अर्धा जिना उतरली. मग म्हणाली, "बाई तोंडावर गोड बोलतात आणि आत राग असतो बघ. मशीनला कळतंय, मला कळलं नव्हतं."

मला ते पटलं नाही. घरी येऊन मी वहीतले आकडे उतरत्या क्रमाने मांडले, आणि दहा मिनिटं नुसती बघत बसले. वरची सगळी घरं म्हणजे आत्याकडे न बघणारी माणसं. खालची सगळी घरं म्हणजे जिथे तिला पाणी मिळतं, ताई कशा आहात म्हणतात, घाम पुसायला टॉवेल देतात.

बाईंना राग आलेला नव्हता. एक्कावन्न वर्षांची बाई आपल्या एका टूथपेस्टसाठी चार मजले चढून धापा टाकतेय, हे बघून त्यांना लाजल्यासारखं झालं होतं. शरीराला राग आणि लाज यातला फरक फारसा करता येत नाही, बोटं दोन्हीत आवळतात. यंत्राला एवढंच कळलं की पार्सल हातात आलं आणि माणूस अस्वस्थ झालं. चांदण्यांच्या काळात बाईंनी पाच दिल्या असत्या. आता त्यांच्या माया करण्यानेच आत्याची नोकरी चालली होती, आणि हे त्यांना माहीतही नव्हतं.

आत्याला सांगितलं तर ती आधी खूप हसली. नंतर म्हणाली, मग काय करू, लोकांना सांगू का की माझ्याशी वाईट वागा.

मी तिला शिकवायला घेतलं. चढून गेल्यावर लगेच बेल नाही वाजवायची. जिन्याच्या वळणावर थांबायचं, श्वास बसला की घाम पुसायचा, मग वर जायचं. "कित्ती छान वारा लागतो हो तुमच्याकडे" असं म्हणायचं. पाणी विचारलं तर आत्ताच प्यायले म्हणायचं. खुर्चीवर तर बसायचंच नाही. आत्या म्हणाली, म्हणजे मी माणूस आहे हे त्यांना विसरायला लावायचं. मी म्हटलं, वीस सेकंद फक्त.

ते लागू पडलं. देवधर बाई अडतीसवरून चौसष्टवर आल्या, मग बहात्तरवर. पाच दिवसांत आत्या सत्तरच्या काठाला टेकली. मी शाळेत मैत्रिणींना सांगून टाकलं की मी एका बाईची नोकरी वाचवलीय. फक्त एकदा, चौथ्या मजल्यावरून उतरल्यावर, आत्या खालच्या नळाला तोंड लावून पाणी पीत होती ते मी पाहिलं. बाईंच्या माठातलं पाणी तिला फार आवडायचं, वाळा घालायच्या त्या. पण तेव्हा मी त्याचा विचार केला नाही, मला सत्तर दिसत होते.

एकच घर हलेना. एकतीस, अठ्ठावीस, तेहतीस. आत्याच्या फोनवर आकड्यांच्या यादीत पत्त्याऐवजी नुसता क्रमांक दिसायचा, म्हणून मी तिला विचारलं, हे खडूस कोण आहे. ती स्कूटर पुसत होती. पुसत राहिली आणि म्हणाली, "तुमचंच आहे ते, ओजू."

ओजस्वी भोईटे, म्हणजे मी. आमचं घर.

आता आमच्या घरातल्या खरेदीबद्दल सांगावं लागेल. गेलं वर्षभर पप्पा फोनवरून मागवत सुटले होते. आमच्याकडे तीन नारळखवण्या आहेत आणि नारळ महिन्यातून एक येतो. छत्र्या सात. कुत्रा नसताना कुत्र्याचा पट्टा. आईला वाटायचं की त्यांना नाद लागलाय, आणि ती माहेरी फोन करून त्यावर हळू आवाजात बोलायची. पप्पांनी तर चक्क रतीब लावला होता, एक दिवसाआड काहीतरी येणारच. पार्सल आलं की दुसऱ्या कुणाला उठू न देता स्वतः दारात जायचे, आणि आत येऊन खोका न फोडता माळ्यावर टाकायचे.

ते सगळं आत्याला फेऱ्या मिळाव्यात म्हणून होतं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला पप्पांचा एकदम अभिमान वाटला. आणि लगेच प्रश्न पडला की मग अठ्ठावीस का?

आईला विचारलं. ती भाजी निवडत होती, आधी म्हणाली तुला काय करायचंय, मग सांगितलं. आमचे आजोबा, म्हणजे आप्पा, गेले तेव्हा घर पप्पांच्या एकट्याच्या नावावर व्हावं म्हणून आत्याने हक्कसोडपत्रावर सही केली. आमच्याकडे बहिणी ती करतात. भाऊ साडीचोळी करतो, बहीण सही करते, आणि माहेर उघडं राहतं. आत्याचं लग्न तेव्हा नवीन होतं, सगळं छान होतं. चार वर्षांपूर्वी आत्याचे यजमान वारले, सासरी नांदणं अवघड झालं आणि ती बॅग घेऊन साताऱ्यात आली. पप्पा तिला म्हणाले की वरच्या दोन खोल्या भाड्याने दिल्यात. ती बरं म्हणाली आणि गावाच्या करंजे भागात एक खोली घेऊन राहिली. त्यानंतर ती आमच्याकडे राखीला आली, दिवाळीला आली, हसली, जेवली. त्यावर कधी एक शब्द बोलली नाही.

मी पप्पांना सगळं सांगून टाकलं. समाधानांक, सत्तर, रक्तवाहिन्या, अठ्ठावीस. मला वाटलं कारण कळलं की आकडा सुधारतो, देवधर बाईंच्या बाबतीत झालं होतं तसं. पप्पा ऐकत राहिले. म्हणाले, "म्हणजे मी मागवतो म्हणून तिचं जातंय?" मग रतीब बंद करायला फोन काढला. तर रतीब मधेच तोडणं हे असमाधान धरलं जातं, आणि दार न उघडलं तर शून्य. महिन्यातली दोन पार्सलं उरली होती.

पहिल्याला पप्पांनी अंगठा ठेवला तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. बावीस आला. मी सांगितल्यामुळे ते आणखी बिघडलं होतं. लाजेत आता भीतीची भर पडली होती. जिल्ह्यात दुसरी आलेल्या मुलीला हे आधी सुचलं नाही.

तीस तारखेला आत्याने आमचं घर मुद्दाम शेवटी ठेवलं. दुपारचा एक वाजला होता, तिची पाळी संपत आली होती. तिच्या फोनवर लिहून आलं होतं की शेवटच्या पार्सलला पन्नासच्या पुढे गेलं तर सत्तर राहतात. पप्पांनी कामावरून अर्धी रजा घेतली होती. सकाळपासून ते डोळे मिटून श्वास आत घेत होते, बाहेर सोडत होते. मी त्यांना गोड आठवणी काढायला लावल्या. त्यांनी आत्याच्या लहानपणच्या काढल्या, आणि चेहरा आणखीच उतरला. मग मी तो नाद सोडला.

बेल वाजली. आत्याने खोका पुढे केला. पप्पांनी घेतला, फोन काढला, पण अंगठा ठेवला नाही.

"सुवर्णा," ते म्हणाले, "तू बॅग घेऊन आलीस ना, तेव्हा वरच्या खोल्या रिकाम्या होत्या. भाडेकरू मी नंतर शोधला."

आई माझ्या मागे उभी होती. तिने माझा दंड धरला. तिला हे माहीत होतं, हे मला त्या धरण्यातून कळलं.

"माहितेय मला," आत्या म्हणाली. "खिडक्यांना पडदे नव्हते दादा. दोरीवर एक कपडा वाळत नव्हता. मला खालूनच दिसलं होतं."

पप्पांनी खोका खाली ठेवला. मग ते जे म्हणाले ते तुटक होतं. तू राहायला आलीस की ते सहीचं पुन्हा निघेल अशी भीती वाटली, असं काहीतरी. शेवटी त्यांनी हातातल्या फोनकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू एकदा म्हण, सोडून दिलं म्हण. म्हणजे माझा हात थरथरायचा थांबेल. तुझंच काम होईल गं."

एवढंच हवं होतं. तिने दोन शब्द बोलायचे, पप्पांची बोटं सैल पडणार, पन्नास ओलांडणार, आळी तिची राहणार. विज्ञान अगदी बरोबर होतं.

आत्याने कोटाची बाही वर केली आणि म्हणाली, "आज नाही म्हणणार. आज म्हटलं तर ते नोकरीसाठी म्हटलेलं होईल. तुला ते चार दिवस पुरेल, मग तू पुन्हा खवण्या मागवशील. ठेव अंगठा."

पप्पांनी ठेवला. दिवा लागला. वीस सेकंद किती मोठे असतात ते मी त्या दिवशी मोजलं. त्रेचाळीस.

मी पुढे होऊन आत्याला म्हटलं की एक वाक्य होतं नुसतं, खरं नसतं तरी चाललं असतं. ती माझ्यावर रागावली नाही. "वाक्य माझं होतं ना पण," म्हणाली.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. एक तारखेपासून आमच्या नाक्यावर पेटी उभी राहते. देवधर बाई अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कठडा धरून चार मजले उतरतात, टूथपेस्ट घेतात, चार मजले चढतात. पेटीकडे बघून त्यांना कसलीच लाज वाटत नाही, म्हणून पेटीचा समाधानांक अठ्ठ्याऐंशी आहे. आकडा खरा आहे. बाई खरंच अस्वस्थ होत नाहीत, नुसत्या दमतात, आणि दमणं कुणी मोजत नाही. आत्या त्यानंतर दीड महिना बिनकामाची होती. मी कुणाची नोकरी वाचवली नाही, हे मैत्रिणींना सांगायला मला आठवडा लागला.

पण त्या दुपारी आकडा आल्यावर आत्या गेली नाही. वर्षभर पार्सल घेऊन आली की ती उंबऱ्याबाहेरूनच परत फिरायची. त्या दिवशी तिने बूट काढले, कोट काढून दाराच्या कडीला अडकवला आणि आत येऊन पप्पांच्या समोरच्या खुर्चीत बसली. आईने पाणी दिलं. आत्याने सगळा तांब्या संपवला.

पप्पा म्हणाले की भाडेकरूला आजच सांगतो, महिन्याभरात खोल्या मोकळ्या करतो, तू राहायला ये. आत्याने मान हलवली. खोल्या नकोत म्हणाली.

"मग काय हवंय ते सांग तरी."

"आप्पा गेले तेव्हा तू कागद पुढे केलास आणि बोट ठेवलंस, इथे कर म्हणालास. विचारलं नव्हतंस मला. आता विचार."

पप्पांना पहिल्यांदा कळलंच नाही. त्यांनी आईकडे पाहिलं, आई जमिनीकडे बघत होती. मला वाटलं मी काहीतरी समजावून सांगावं, कारण मला समजलं होतं, पण मी तोंड मिटून ठेवलं. पप्पांनी दोनदा घसा साफ केला. समोर धाकटी बहीण असूनही ते एखाद्या साहेबासमोर बसल्यासारखे ताठ बसले.

"सुवर्णा, आप्पांच्या घरातला तुझा वाटा," ते म्हणाले, थांबले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "आप्पांच्या घरातला तुझा वाटा तू मला सोडशील का?"

"नाही," आत्या म्हणाली.

तिने ते रागाने म्हटलं नाही. कुणी चहात साखर हवी का विचारावं आणि आपण नाही म्हणावं, तेवढंच. पण म्हटल्यावर ती खुर्चीत मागे टेकली, आणि माझ्या आठवणीत ती आमच्या घरात कधी अशी टेकून बसलेली नव्हती.

पप्पांचा फोन टीपॉयवर पडला होता. त्यांचे दोन्ही हात मोकळे, मांडीवर होते. त्या क्षणी त्यांच्या बोटांत रक्त कसं वाहत होतं ते मला माहीत नाही, कुणी मोजलं नाही. ते बराच वेळ आत्याकडे बघत राहिले, आणि नजर त्यांनी खाली घेतली नाही.

"बरं," ते म्हणाले. "मग सोमवारी निबंधकाकडे जाऊन येतो. तुझं नाव लावायला काय काय कागद लागतात ते विचारतो."

"तू एकटा नको जाऊस," आत्या म्हणाली. "मी पण येते. या वेळी मी वाचून सही करणार."